मुखातील चांदी : धातूच्या दंतपूरणाचे क्षरण व टिकाऊपणा

"दातात चांदी भरलेली आहे, ती काढून टाकावी काय?" हा प्रश्न आमच्या चिकित्सालयात हल्ली वरचेवर विचारला जातो. पाऱ्यावर जगभर बंदी येत असल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून खेडोपाडी पोहोचली आहे. दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी रुग्ण वैद्याकडे येतो, कारण पारा म्हटला की वैद्य हे समीकरण आपल्या समाजात रूढ आहे. अशा वेळी आपल्यापैकी काहीजण "तो पारा आहे, विष आहे, तात्काळ काढा" असे सांगून मोकळे होतात. दुसऱ्या टोकाला "पारद हे तर आपले रसायनच, त्याने काय व्हायचे" असे म्हणणारेही आहेत. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे शास्त्राला धरून नाहीत आणि रुग्णाच्याही हिताची नाहीत. दातातील ही चांदी नेमकी काय असते, ती मुखात कशी झिजते व किती टिकते, आणि वैद्याने तिच्याबाबत काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दंतपूरण ही कल्पना आपणांस नवी नाही. सुश्रुताचार्यांनी दंतरोगांत कृमिदंताचे वर्णन केले आहे. वाग्भटांनी उत्तरस्थानात किडलेल्या दाताचे सुषिर गुळाने वा मेणाने भरून दहन करण्यास सांगितले आहे, तसेच सप्तपर्ण व रुईच्या चिकाने पूरण करण्यास सांगितले आहे. तथापि ते पूरण शूल शमविण्यासाठी आहे. चर्वणाचा भार वर्षानुवर्षे सोसेल असे धातूचे पूरण आपल्या संहितांत नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. चीनमध्ये इसवी सन ६५९ च्या औषधिग्रंथात दातासाठी चांदीच्या लगद्याचा उल्लेख असल्याचे इतिहासकार सांगतात. युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरण्यास आरंभ झाला. १८३३ मध्ये क्रॉकर बंधूंनी तो प्रकार न्यूयॉर्कला नेला. तेथील दंतवैद्यांत त्यावरून एवढा तंटा माजला की पारा न वापरण्याची शपथ सभासदांकडून घेणारी त्यांची संघटनाच १८५६ मध्ये मोडली. म्हणजे आज आपण करतो तो वाद पावणेदोनशे वर्षे जुना आहे.

पिष्टी आणि पारदमेल

रुग्ण ज्याला चांदी म्हणतो ती शुद्ध चांदी नसते. चांदी, कथील, तांबे आणि काही प्रकारांत किंचित जस्त यांची भुकटी पाऱ्यात घोटून केलेला तो पारदमेल असतो. दंतवैद्य त्याला अ‍ॅमलगम म्हणतात. तयार पूरणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. जुने दंतवैद्य ही भुकटी व पारा लहानशा खलात हाताने घोटीत, कपड्यात घालून जादा पारा पिळून काढीत आणि मग तो गोळा पोकळीत ठासून भरीत. वाचकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. रसशास्त्रातील पिष्टी हीच. पारदाच्या बंधांत पिष्टिकाबंध म्हणून जो सांगितला आहे, त्यात मर्दनाने पारद लोण्यासारखा होतो. पारदमेलही पहिल्या काही मिनिटांत तसाच लोण्यासारखा असतो आणि नंतर दगडासारखा होतो.

येथे एक भेद आपण कधीही विसरता कामा नये. कज्जलीत पारद गंधकाशी संयोग पावतो, तर पिष्टीत तो धातूशी मिसळून राहतो. आपल्या भस्मपरीक्षांच्या दृष्टीने पाहिल्यास पारदमेल कोणत्याच परीक्षेला उतरत नाही. त्याला तापविले की पारा वाफेच्या रूपाने परत निघतो, म्हणजे अपुनर्भव नाही. चांदीशी तर त्याची सोयरीकच आहे, म्हणजे निरुत्थही नाही. सारांश, दातातील पारद हा मृत नव्हे आणि अग्निस्थायी अर्थाने बद्धही नव्हे. म्हणून रसकल्पांचे गुण दातातील चांदीला चिकटविणे आणि दातातील चांदीचे दोष रसकल्पांच्या माथी मारणे, ही दोन्ही सारख्याच गफलतीची कामे होत.

कथील हे दुखणे, तांबे हा उपाय

पारदमेल घट्ट होतो तेव्हा आत काय घडते, हे समजल्यावाचून क्षरण समजत नाही. चांदी-कथिलाच्या प्रत्येक कणाचा बाहेरचा थर पाऱ्यात विरघळतो आणि त्यातून दोन नवे पदार्थ बनतात. एक चांदी व पाऱ्याचा, दुसरा कथील व पाऱ्याचा. मूळ कणांचे गाभे न विरघळता तसेच राहतात. काँक्रीटमध्ये गिट्टी असावी तसे ते या पदार्थांत रुतून बसतात. या सर्वांत कथील-पाऱ्याचा पदार्थ सर्वांत दुबळा. तो एकूण पूरणाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. परंतु पूरणभर जाळ्यासारखा पसरलेला असल्याने त्याच्यातून क्षरण थेट आतपर्यंत शिरते. लाळेतील क्षार कथिलाला ओढून नेतात, कथिलाची ऑक्साइडे व क्लोराइडे तयार होतात आणि त्याच्या तावडीतून सुटलेला पारा शेजारच्या न विरघळलेल्या कणांना जाऊन भिडतो. परिणामी पूरण आतून सच्छिद्र होते, थोडे फुगते, आणि कडा दाताच्या वर उचलल्या जाऊन चावताना तुटतात. जुन्या चांदीच्या कडेला जी खाचेसारखी रेघ दिसते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

यावर उपाय सापडला तो १९६३ मध्ये. कॅनडातील इन्स व यूडेलिस यांनी चांदी-तांब्याचे गोल कण जुन्या भुकटीत मिसळले. तांब्याने कथिलाला आपल्याकडे ओढले, तांबे-कथिलाचा वेगळा पदार्थ बनला आणि कथील-पाऱ्याचा दुबळा पदार्थ जवळजवळ नाहीसा झाला. पूर्वी भुकटीत तांबे सहा टक्क्यांपर्यंत असे, नव्या प्रकारात ते बारा ते तीस टक्के असते. अशा पूरणाच्या कडा जुन्या पूरणापेक्षा पुष्कळ कमी तुटतात.

रसशास्त्र शिकलेल्या माणसाला हे वाचताना पारदाच्या यौगिक दोषांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नाग आणि वंग हे ते दोन दोष. ते घालविण्यासाठी पातनसंस्कारात पारद ताम्राबरोबर घोटून पिष्टी करावयाची व मग ऊर्ध्वपातन करावयाचे, असा आपला विधी आहे. वंगाची पाऱ्याशी असलेली मैत्री उपद्रवी आहे आणि ताम्र हा तेथे कामाचा धातू आहे, हे खलात घोटणाऱ्यांनी अनुभवाने हेरले होते असे म्हणता येईल. यापुढे जाऊन "आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते" असा शंखनाद करण्याचे कारण नाही. त्यांना दात भरावयाचे नव्हते, पारद शुद्ध करावयाचा होता.

आपल्याकडील मुख

धातूचे क्षरण प्रयोगशाळेतील मिठाच्या पाण्यात मोजतात, पण रुग्णाचे मुख ही वेगळीच प्रयोगशाळा आहे. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, लसूण, आंबाडीची भाजी, कढी, चिंच, वर कडक चहा, हा आपल्या जिल्ह्यातील सामान्य आहार. मिठातील क्लोराइड हे क्षरणाचे प्रमुख कारण. कांदा-लसणातील व अस्वच्छ मुखात तयार होणारी गंधकाची संयुगे पूरणाचा वरचा थर काळा करतात. पायातील जोडवी व तोरड्या काळवंडतात तोच हा प्रकार, चांदीचा सल्फाइड. या दोहोंत भेद करावयास हवा. नुसते काळवंडणे हा वरवरचा रंग आहे, त्याने पूरण दुबळे होत नाही आणि दंतवैद्याने घासून चमक दिली की तो जातो. क्षरण मात्र कडेच्या फटीत, दोन दातांच्या मधल्या अन्न अडकणाऱ्या जागी आणि पूरणाच्या तळाशी चालते, जेथे डोळा पोहोचत नाही. काळे पूरण म्हणजे वाईट पूरण आणि चकचकीत पूरण म्हणजे चांगले पूरण, ही रुग्णाची समजूत म्हणूनच चुकीची आहे.

क्षरणाची एक उपकारक बाजूही आहे. पूरण व दात यांच्यामध्ये सुरुवातीस सूक्ष्म फट असतेच. क्षरणातून निघालेले पदार्थ काही महिन्यांत त्या फटीत साचतात आणि ती बुजते. पारदमेलाखाली पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण कमी राहण्यास हेही एक कारण मानले जाते. तांबेप्रधान नवे पूरण कमी झिजते, म्हणून त्याची फट बुजण्यास अधिक काळ लागतो. थोडक्यात, अजिबात न झिजणारे पूरण सर्वोत्तम, असे येथे म्हणता येत नाही.

एका मुखात दोन भिन्न धातू असले म्हणजे निराळाच प्रकार घडतो. सोन्याची किंवा अन्य धातूची टोपी आणि तिच्यासमोर चांदी असली, तर लाळेच्या माध्यमातून विद्युत्प्रवाह वाहतो. दात मिटताच झटका बसल्यासारखी कळ येते, तोंडात धातूची चव राहते आणि चांदीचे क्षरण वाढते. हे दंतहर्षाचे लक्षण समजून तैलगंडूष देत बसण्यापूर्वी मुखात किती धातू आहेत ते मोजावे.

खर्रा, फ्लोराइड आणि निदानातील गोंधळ

विदर्भात मुखाचा विचार खर्ऱ्यावाचून पूर्ण होत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, परंतु सुपारी, तंबाखू व चुना घोटून दिलेला खर्रा पानठेल्यांवरून सुटलेला नाही. पारदमेल दाबाला भक्कम आणि ताणाला ठिसूळ असतो. पातळ भरलेली चांदी किंवा उंच राहिलेली कड सुपारीच्या खांडाखाली तडकते. कित्येकदा पूरण शाबूत राहते आणि त्याच्या बाजूची दाताची भिंतच फुटते. सतत खर्रा चघळणाऱ्याच्या दातांचे माथे झिजून सपाट होतात आणि चांदीभोवतीचे दंतवल्क, म्हणजे इनॅमल, उरतच नाही. अशा रुग्णाला "चांदी खराब भरली होती" असे सांगणे त्या दंतवैद्यावर अन्याय होय.

दुसरी गोष्ट फ्लोराइडची. आपल्या जिल्ह्यात केळापूर, वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील अनेक गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक आहे. बालपणी असे पाणी प्यालेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात. ते दोन्ही बाजूंच्या सारख्या दातांवर असतात आणि समोरच्या दातांवर ठळक दिसतात. तीव्र विकारात दंतवल्काला खळगे पडतात व ते ठिसूळ होते. असे दंतवल्क पूरणाच्या कडेला लवकर तुटते, त्यामुळे या तालुक्यांतील रुग्णांत चांदीच्या कडा उघड्या पडल्याचे दिसल्यास दोष धातूचाच आहे असे गृहीत धरू नये.

दातावरील काळिमा पाहून श्यावदंतक म्हणण्याची घाई होऊ नये म्हणून हा प्रपंच. चांदीच्या भोवती दातातून निळसर-करडी छटा दिसत असेल, तर ती क्षरणाच्या पदार्थांची किंवा आतील धातूची असते. दाताच्या मानेपाशी तपकिरी किटण असेल तर ते खर्ऱ्याचे वा चहाचे. हिरडीवर किंवा गालाच्या आतील बाजूस पूरणालगत निळा-काळा, सपाट, न दुखणारा ठिपका असेल तर तो बहुधा दात भरताना वा काढताना ऊतीत रुतलेल्या पारदमेलाच्या कणांचा असतो, आणि त्याला औषध लागत नाही. चांदीला टेकणाऱ्या गालावर नेमक्या तेवढ्याच जागी पांढऱ्या रेषांची जाळी असेल तर ती त्या धातूची प्रतिक्रिया असू शकते, आणि पूरण बदलल्यावर ती पुष्कळदा निवळते.

परंतु रुग्ण खर्रा खाणारा असेल तर या शेवटच्या दोन गोष्टींवर आपण आपल्या नजरेने निर्णय देऊ नये. पांढरा चट्टा, पंधरवड्यात न भरणारा व्रण, वाढणारा काळा डाग, तोंड कमी उघडणे, तिखटाने आग होणे, यांपैकी काहीही असल्यास रुग्णाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा सावंगी मेघे येथे धाडावे. चांदीच्या नावाखाली मुखाचा कर्करोग महिनोन् महिने दडून राहू शकतो. आमच्या परीने सांगावयाचे तर या सबंध लेखातील हा परिच्छेद विसरला जाऊ नये.

काढावी की ठेवावी

आता मूळ प्रश्न. दातातील चांदीतून पाऱ्याची वाफ निघते, हे खरे. चर्वणाने, दात घासण्याने, गरम पेयाने ती वाढते. रात्री दात खाणाऱ्यांत ती अधिक असते. सामान्य माणसात हे प्रमाण दिवसाला काही मायक्रोग्रॅम इतके मोजले गेले आहे. फुप्फुसात गेलेली पाऱ्याची वाफ सुमारे ऐंशी टक्के शोषली जाते, तर पूरणाचा तुकडा चुकून गिळला गेल्यास त्यातला पारा जवळजवळ शोषलाच जात नाही व तुकडा मलावाटे निघून जातो. चांदीचा तुकडा गिळला म्हणून विरेचन देण्याचे काहीच कारण नाही. लहान मुलांवर अमेरिकेत व पोर्तुगालमध्ये केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच ते सात वर्षे लक्ष ठेवूनही चांदी भरलेल्या व दुसरे पूरण केलेल्या मुलांच्या बुद्धीत वा मज्जासंस्थेच्या कार्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

टिकाऊपणाचा हिशेबही पाहावा. मागच्या दाढांतील चांदी दहा-बारा वर्षे सहज टिकते, नीट भरलेली वीस वर्षेही टिकलेली आपण पाहतो. दातांच्या रंगाचे कंपोझिट दिसण्यास उत्तम आहे, परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत कायमच्या दाढांतील कंपोझिट निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळजवळ दुप्पट आढळला. त्यात पुन्हा कीड लागणे हे मुख्य कारण होते. कंपोझिट भरताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो, कौशल्य व वेळ अधिक लागतो आणि खर्चही अधिक येतो.

पूरण काढताना काय होते? फिरत्या यंत्राने धातू तापतो आणि पाऱ्याची वाफ एरवी कधी निघत नाही एवढी त्या काही मिनिटांत निघते. दंतवैद्याने भरपूर पाणी सोडून, शोषकनळी लावून, मोठे तुकडे करून ते काढले तर ती कमी होते. शिवाय जुन्या चांदीबरोबर दाताचाही थोडा भाग प्रत्येक वेळी जातो. केळापूर तालुक्यातील एक शेतमजूर भगिनी आमच्याकडे आली होती. कोणा चिकित्सकाच्या सांगण्यावरून तिने दुखत नसलेल्या दोन दाढांतील जुनी चांदी काढून घेतली होती. नवे पूरण करण्याइतके पैसे हाती नव्हते. कापूस निघाल्यावर "सोयाबीन गेले की भरू, चण्यानंतर भरू" असे करीत वर्ष गेले. एक दाढ फुटली ती काढावी लागली, दुसरीची मूळनलिका-चिकित्सा झाली. पाऱ्याच्या भीतीने तिने दोन दाढा गमावल्या असत्या, एक वाचली एवढेच. त्या बाईला पाऱ्याची कोणतीही व्यथा नव्हती. सल्ला देणाऱ्याचे मात्र काहीच गेले नाही.

म्हणून आमचा प्रघात असा आहे. चांदी शाबूत आहे, दुखत नाही, कडेला अन्न अडकत नाही, धाग्याने साफ करताना धागा फाटत नाही, गाल वा जिभेवर प्रतिक्रिया नाही, तर तिला हात लावू नये. कड तुटली असेल, खाली कीड दिसत असेल, थंड-गरम सहन होत नसेल, तर दंतवैद्याकडे पाठवावे आणि काय भरावयाचे हे त्यांच्यावर सोडावे. गर्भिणी व स्तनदा मातेला ना नवी चांदी भरावी, ना शाबूत जुनी काढावी. नुकती चांदी भरलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी त्या बाजूने चावू देऊ नये व जोराचे कवलधारण करू देऊ नये, कारण पूर्ण बळ येण्यास साधारण एक दिवस लागतो. जस्तयुक्त चांदी भरताना लाळ लागलेली असल्यास तीन ते पाच दिवसांनी आत हायड्रोजन वायू साठून पूरण फुगते व तीव्र शूल होतो. असा रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी कळवळत आला तर लवंगतेल देऊन परत पाठवू नये, त्याच दंतवैद्याकडे धाडावा.

कोणी पाऱ्याच्या तपासणीचा आग्रह धरला तर या प्रकारच्या पाऱ्यासाठी मूत्राची तपासणी उपयोगी, केसांची नव्हे. त्यापूर्वी तो कज्जलीयुक्त कल्प घेत आहे काय, हे विचारावे. घेत असेल तर आढळलेला पारा दाताचा की औषधाचा, याचा निवाडा होत नाही. आपल्याच औषधाचा पारा दंतवैद्याच्या खात्यावर टाकला जाण्याचा हा प्रसंग कोणत्याही वैद्याने स्वतःवर येऊ देऊ नये.

औषधी निर्माते व विक्रेते यांच्यासाठी

मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, १६ ऑगस्ट २०१७ पासून अंमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये तो अनुसमर्थित केला. २०२२ च्या बैठकीत पंधरा वर्षांखालील मुले, गर्भिणी व स्तनदा माता यांच्यासाठी पारदमेल टाळण्याचे आणि दंतवैद्यांनी सुटा पारा न वापरण्याचे ठरले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवाद सोडता तो थांबविला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील बैठकीत २०३४ पर्यंत जगभर पारदमेलाचा वापर संपविण्याचे मान्य झाले. यामागे मुख्य चिंता पर्यावरणाची आहे. दवाखान्याच्या मोरीतून वाहून जाणारा पारा नदीत मासळीपर्यंत पोहोचतो आणि चितेच्या ज्वाळांत दातातील पारा हवेत जातो, कारण तो ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. भरलेल्या दातांवर मात्र या ठरावांनी कोणतीही बंदी घातलेली नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे. पारंपरिक व धार्मिक व्यवहारांतील वस्तू या कराराने बंद करावयाच्या उत्पादनांच्या यादीतून वगळल्या आहेत. रसकल्प आज त्या वगळणुकीच्या आश्रयाला आहेत. हा आश्रय टिकवावयाचा तर पारद कोठून आला, किती वापरला, किती उरला, याची नोंद प्रत्येक निर्माणशाळेत चोख हवी.

पारा दुर्मिळ होत जाईल तसा वापरलेल्या पाऱ्यातून परत काढलेला पारा बाजारात येण्याची शक्यता वाढेल. त्यात कथील, शिसे, जस्त यांचा भेसळमेळ राहू शकतो, म्हणजे पुन्हा नाग-वंगच. स्वच्छ काचेवर घरंगळविला असता शुद्ध पारा गोल थेंबांनी पळतो, धातूमिश्रित पारा मागे शेपटी सोडतो. ही प्राथमिक परीक्षा घेतल्यावाचून पारद शोधनाला घेऊ नये आणि प्रयोगशाळेच्या अहवालाला ती पर्याय समजू नये. जुन्या चांदीचे तुकडे सराफाकरवी वितळवून चांदी मिळविण्याचा मोह तर कोणीही धरू नये. १९८९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात घरातच दंतपूरणाचा पारदमेल वितळविताना निघालेल्या वाफेने एका घरातील चार माणसे दगावली. निर्माणशाळेच्या बंद खोलीत पातन करणाऱ्यांनीही ही घटना ध्यानात ठेवावी.

दंतमंजनाविषयी थोडे. चांदीचा पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके क्षरण कमी, आणि खरखरीत मंजन तो ओरखडते. गेरू, बाभूळसाल, कोळसा वा राख असलेली मंजने वस्त्रगाळ केलेली असावीत. बोटांच्या चिमटीत घासून कचकच लागली तर तो घाणा पुन्हा चाळावा. सैंधव व यवक्षार यांचे प्रमाण अधिक असलेले मंजन चांदी भरलेल्या रुग्णाने तोंडात धरून बसू नये, घासून लगेच चूळ भरावी. गंधकयुक्त गोळी चघळू नये, गिळावी. मिश्री हे मंजन नव्हे, तंबाखूच होय. ती आपल्या दुकानात दंतमंजनांच्या फळीवर नसावी. आणि "दातातील पारा बाहेर काढणारे" म्हणून कोणतेही चूर्ण, काढा वा तेल विकले जात असेल, तर त्याचा आधार निर्मात्याला विचारावा आणि तो मिळेपर्यंत तो माल परत करावा.